मोजणाऱ्याची मोजणी

संशोधकाचा आवाका मोजण्याची विद्यापीठीय रीत ठरून गेलेली आहे. त्याला किती जणांनी उद्धृत केले, कोणत्या नामवंतांबरोबर त्याचे नाव छापून आले, कोणत्या नियतकालिकांनी दखल घेतली, याची बेरीज करायची. ही बेरीज निःपक्षपाती असते, असे आपल्या प्राध्यापकवर्गाला मनापासून वाटते. डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस या काळ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाला ही फूटपट्टी लावून पाहावी. उघडी पडते ती फूटपट्टी.

१८९६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डातील निग्रो वस्तीची पाहणी करायला नेमले. (‘निग्रो’ हा त्या काळचा शब्द.) हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारा हा पहिला काळा माणूस, बर्लिनमध्ये शिकून आलेला, पण पद मिळाले साहाय्यकाचे, तेही शिकवण्याचा अधिकार नसलेले. शहराच्या अधोगतीला काळेच जबाबदार आहेत हा निष्कर्ष सुधारकांनी आधीच काढून ठेवला होता. त्याला आकड्यांचे प्रमाणपत्र तेवढे हवे होते.

डु बॉईस पत्नीसह त्याच वॉर्डात खोली घेऊन राहिले आणि प्रश्नावल्या घेऊन स्वतः दारोदार फिरले. सुमारे अडीच हजार घरे, ९,६७५ माणसे. लोकांनी काही त्यांचे हसतमुखाने स्वागत केले नाही. आपल्याला कुणी विचित्र प्राण्यासारखे तपासावे, हे त्यांना आवडले नाही, आणि त्यांचे तरी काय चुकले? वही घेऊन येणारा आणि पुन्हा कधीच न फिरकणारा माणूस आपल्या वस्त्यांनाही चांगला परिचयाचा आहे. १८९९ साली ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोग काळ्या माणसाच्या रक्तात नसून बंद केलेल्या नोकऱ्यांत, चढ्या घरभाड्यात, गुलामगिरीच्या वारशात आणि गोऱ्यांच्या द्वेषात आहे, असे त्याने आकड्यांनिशी मांडले. घरकाम करणाऱ्या नोकरांवरचा अहवाल इझाबेल ईटन या गोऱ्या संशोधिकेने लिहिला. तो त्याच ग्रंथाला तिच्या नावानिशी जोडलेला आहे. ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’ने मात्र ग्रंथाचे परीक्षणही छापले नाही.

आता सहकार्याचा हिशोब. अटलांटा विद्यापीठात डु बॉईस यांनी दरवर्षी एक विषय घेऊन पाहण्या चालवल्या: व्यवसाय, शाळा, चर्च, आरोग्य, गुन्हे, कुटुंब. पैसा जवळजवळ नव्हता. गावोगावचे काळे पदवीधर आणि शिक्षक बिनमोबदला माहिती गोळा करून पाठवत. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनासाठीचे रंगीत आलेख त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून केले. फ्रान्झ बोआस १९०६ साली अटलांटाला येऊन बोलले, १९०८ च्या परिषदेला जेन ॲडम्स आल्या. मॅक्स वेबर यांनी आपल्या जर्मन नियतकालिकात १९०६ साली डु बॉईस यांचा लेख छापला. ही बडी नावे कुठल्याही सूचीत सापडतील. प्रश्नावली भरून पोस्टात टाकणारी खेड्यातली शिक्षिका कुठल्या सूचीत शोधायची? खरे सहसंशोधक तर तीच माणसे होती.

जी पाहणी नष्टच झाली तिचे काय करायचे, हा त्याहून अवघड प्रश्न. १९०६ साली सरकारच्या कामगार खात्यासाठी डु बॉईस, मन्रो वर्क आणि रिचर्ड राईट यांनी अलाबामातील लाउंड्स परगण्यात कुळे, सावकारी आणि जमीनमालकी यांची पाहणी केली. काही ठिकाणी माहिती घ्यायला गेलेल्यांचे स्वागत बंदुकांनी झाले. तरीही काम पुरे झाले. नकाशे आणि तक्त्यांसह हस्तलिखित खात्याकडे गेले. विषय राजकीय आहे, असे सांगून खात्याने ते छापायला नकार दिला. पुढे चौकशी केल्यावर ते नष्ट केल्याचे कळले. जमीनदाराचा हिशोब मांडणारा कागद असा संपला. उद्धरणांच्या यादीत या कामाची किंमत शून्य!

ज्ञान दिले की अन्याय आपोआप दूर होईल, हा डु बॉईस यांचा विश्वास त्याआधीच ढासळला होता. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या काळ्या मजुराला जमावाने जाळून मारले. त्याविषयी एका वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघालेल्या डु बॉईस यांना वाटेत कळले की होजच्या बोटांची हाडे एका दुकानात मांडली आहेत. ते तिथूनच परतले. माणसे अशी मारली जात असताना शांत, अलिप्त शास्त्रज्ञ राहता येत नाही, असे त्यांनी पुढे लिहिले. १९१० मध्ये त्यांनी अटलांटा सोडले आणि ‘क्रायसिस’ मासिकाचे संपादन हाती घेतले.

अमेरिकन शहरी समाजशास्त्राचा उगम शिकागोत झाला, असे पाठ्यपुस्तके अनेक दशके सांगत राहिली. आल्डन मॉरिस यांनी २०१५ साली एक ग्रंथ लिहून हा दावा खोडून काढला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डु बॉईस यांना मानद प्राध्यापकपद दिले ते २०१२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर ४९ वर्षांनी. उदारपणाच म्हणायचा!

आणखी एक वाचक या बेरजेत कधी धरला जात नाही. १९४६ साली मुंबईहून डु बॉईस यांना पत्र गेले. लिहिणाऱ्याने कळवले होते की निग्रो प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत, तुमचे लेखन वाचले आहे, आणि अस्पृश्यांची स्थिती निग्रोंच्या स्थितीशी फार मिळतीजुळती आहे. अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती पाठवाव्यात, अशी विनंती होती. पत्राखाली सही बाबासाहेब आंबेडकरांची. डु बॉईस यांनी जुलै संपण्याच्या आत उत्तर लिहिले: तुमचे नाव ठाऊक आहे, भारतातील अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे.