आकडे आणि बोटे

मोबाइल घ्यायला गेलो की दुकानदार आधी आकडे ऐकवतो. कॅमेरा एवढा, मेमरी एवढी. अशा वेळी मला २००७ साल आठवते.

त्या वर्षी मार्चमध्ये नोकियाचा एन ९५ बाजारात आला. ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, थ्रीजी, जीपीएस, व्हिडिओ. कागदावर तो राजाच होता. जूनमध्ये अमेरिकेत ॲपलचा आयफोन आला. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा. थ्रीजी नाही, जीपीएस नाही, व्हिडिओ चित्रणाची सोय नाही. मजकूर कॉपी करण्याची साधी सोय यायला २००९ उजाडले.

तरी पुढे बहुतेक कंपन्यांनी वाट धरली ती आयफोनचीच. त्याची काच बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देत होती. दोन बोटे फाकवली की छायाचित्र मोठे व्हायचे; कुणी शिकवावे लागत नव्हते. २०१४ मध्ये नोकियाचा मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला.

मग आकडे फुकाचे का? तसे नाही. २००८ मध्ये ॲपललाही थ्रीजी आणि जीपीएस द्यावेच लागले. आणि ती काच तरी काय, यंत्राचाच भाग होती.

मी गझल लिहितो. मात्रा चुकली की ओळ अडखळते. पण नुसत्या मात्रा जुळवून शेर होत नाही. म्हणून आकडे जरूर वाचावेत, आणि मग फोन हातात घेऊन मराठीत चार ओळी लिहून पाहाव्यात. जोडाक्षर चटकन उमटते का, अक्षर आपल्या डोळ्यांना सोसते का, हे खोक्यावर छापलेले नसते.