वरून टाकलेले चार आणे

जुम्म्याच्या नमाजनंतर अकोटच्या आमच्या मशिदीबाहेर एक बाबा बसायचे. महारोगाने त्यांच्या हातांची बोटे झडली होती, नाक बसले होते. अब्बा माझ्या हातात चार आणे ठेवत आणि बजावत, "वरूनच टाक, हात लागू देऊ नको." मी वरूनच टाकत असे. त्यांचे नाव कधी विचारले नाही.

जोसेफ मेरिकची हकिकत वाचताना ते बाबा आठवले. मेरिक १८६२ साली इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये जन्मला. त्याचे डोके, चेहरा आणि उजवा हात बेढब वाढत गेले. तो महारोग नव्हता, पण लोक तसेच दूर पळत. पोटासाठी तो 'हत्तीमानव' या नावाने तिकीट लावून स्वतःला दाखवी. १८८६ पासून लंडनच्या एका इस्पितळाने त्याला आसरा दिला. तिथेच १८९० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. एका बाईने हसून त्याच्याशी हात मिळवला, तेव्हा तो ढसाढसा रडला, असे डॉक्टर फ्रेडरिक ट्रीव्ज यांनी लिहून ठेवले आहे. त्याच ट्रीव्जनी पुस्तकात त्याचे नाव मात्र 'जॉन' असे छापले!

असा मिळवलेला हात आपल्या विदर्भातही सापडतो. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. १९३२ मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात होते, गांधीजीही तिथेच होते. पण महारोगामुळे शास्त्रीबुवांना वेगळे ठेवलेले. १९३९ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले. गांधीजींनी आपल्या कुटीजवळच त्यांना झोपडी दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. १९४५ मध्ये शास्त्रीबुवा गेले.

त्याच १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. बायकांना तलाक मागण्याचा हक्क देणारा हा कायदा मोलाचाच. पण त्यातल्या कारणांत नवऱ्याचा महारोगही होता. हिंदू आणि ख्रिस्ती विवाह कायद्यांतही तेच. पुढे औषधे निघाली, रोग पूर्ण बरा होऊ लागला, तरी ते कारण कायद्यातून निघायला २०१९ साल उजाडले. ऐंशी वर्षे!

कायद्यातला शब्द संसद खोडते. घरातला कोण खोडणार? आजही अंगावरचा सुन्न चट्टा लोक लपवतात. मुलीचे लग्न मोडेल, ही भीती. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, आणि उपचार सुरू झाले की संसर्गाची भीती राहत नाही. उशीर झाला तर मात्र झडलेली बोटे परत येत नाहीत.

मागच्या ईदला अकोटला गेलो. मशिदीबाहेर दोन-चार बुजुर्गांना त्या बाबांचे नाव विचारले. सगळ्यांना बाबा आठवत होते. नाव एकालाही सांगता आले नाही.