लग्न, रोखा आणि कोयता: नगर जिल्ह्यातील एक दीर्घ हिशेब

शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाचे खापर लग्नाच्या मांडवावर फोडण्याची रीत नगर जिल्ह्यात जुनी आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे पेटलेले सावकारविरोधी दंगे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांत पसरले, तेव्हा कुणबी लग्नातल्या उधळपट्टीने बुडतो, हे मत सर्रास मांडले जाई. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र ते मानले नाही. ऐपतीच्या मानाने खर्च जास्त असला तरी असे प्रसंग क्वचितच येतात, तेव्हा कर्जाचे कारण म्हणून त्याला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे, असा निर्वाळा त्याने दिला. खरी मेख रोख्यात, म्हणजे कर्जाच्या लेखी कबुलीत होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणल्यामुळे सावकार ती संपण्याआधी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई, आणि थोरल्या मुलाच्या लग्नासाठी काढलेली रक्कम धाकट्याच्या लग्नापर्यंत फिटण्याऐवजी जमिनीच्या गहाणखतापर्यंत जाऊन पोहोचे.

त्या काळी वराच्या इच्छेचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण लग्ने बालवयात होत आणि कर्ज बापाच्या नावावर चढे. अनेक शेतकरी कुटुंबांत वरपक्षच वधूपित्याला देज, म्हणजे मुलीबद्दलची रक्कम देत असे. हुंड्याचा उलटा प्रवाह पुढे बळावला. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना, अल्प खर्चाच्या विवाहाचा पर्याय पुढे ठेवला, पण तो सार्वत्रिक झाला नाही.

कालव्यांनी आणि १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्याने उत्तरेकडील बागायतदार मुलाचा भाव वाढवला. तो भाव पुढे टिकला नाही. वाटण्यांनी शेते लहान झाली, पिकाच्या दराची शाश्वती राहिली नाही आणि शिकलेल्या मुलींची घरे नोकरदार जावई शोधू लागली. त्यात मुलीच कमी: जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ८८४ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८५२ वर आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढून गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या कडक अंमलबजावणीची मागणी केली, ती याच टंचाईतून. तरुणांना लग्नात रस उरला नाही, असे जे म्हटले जाते, त्यात नकार पचवल्यानंतरची आब राखण्याचा भागही बराच असावा. शहरातील पगारदार मुलाची, घराच्या हप्त्यांमुळे लग्न पुढे ढकलण्याची कथा वेगळी आहे, आणि दोन्ही 'लग्नात रस नाही' या एकाच नावाखाली घालणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

जिल्ह्याच्या कोरडवाहू पूर्व भागात, पाथर्डी आणि जामखेडकडे, आर्थिक ताणाने लग्न लांबत नाही, उलट लवकर होते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि मुकादम हंगामाआधी जोडीला उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम देतो. एकटा तरुण हिशेबात 'अर्धा कोयता' ठरतो आणि त्याला उचलही त्याच मानाने मिळते, म्हणून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्याआधी लग्न उरकण्याची घाई होते आणि मुलीचे वय अठरा भरले आहे की नाही, हे पाहायचे राहून जाते.