गेम-नकाशांचे संरक्षण

संगणकीय खेळासाठी हौशी रचनाकारांनी तयार केलेल्या नकाशातील आज्ञावली आणि गुप्त संकेत इतरांच्या नजरेआड ठेवण्याच्या युक्त्या. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट ३’ (२००२) या खेळात त्यांना बहर आला. जगभर गाजलेला ‘डोटा’ हा नकाशा त्याच खेळातला.

या खेळाच्या नकाशाची फाइल म्हणजे एमपीक्यू प्रकारातले गाठोडे. आत सहसा ‘जास’ भाषेतली आज्ञावली असते. संरक्षक प्रोग्राम आतल्या फाइलींची यादी काढून टाकतात, चलांची नावे निरर्थक अक्षरांत बदलतात आणि केवळ नकाशा घडवणाऱ्या ‘संपादक’ प्रोग्रामला लागणाऱ्या फाइली वगळतात. मग नकाशा संपादकात नीट उघडत नाही, खेळात मात्र सुरळीत चालतो. मेख इथेच आहे: खेळाला जे वाचता यायलाच हवे, ते चिकाटीच्या माणसापासून फार काळ लपत नाही. गुप्त संकेत उघडा न लिहिता त्याचा फक्त हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ संकेत सहज काढता येत नाही असे गणिती रूप, ठेवणे त्यातल्या त्यात शहाणपणाचे. पण संकेत तपासणारी आज्ञावलीतली ओळच कोणी खोडली, तर तोही उपाय फसतो.

मजकूर लपवण्याची ही धडपड महाराष्ट्राला नवी नाही. महानुभाव पंथाच्या अनुयायांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवले. सकळ लिपीत नेहमीच्या अक्षराऐवजी ठरलेले दुसरे चिन्ह येते; किल्ली पंथीयांपाशी. ‘लीळाचरित्र’ हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ त्यामुळे शतकानुशतके बाहेरच्या वाचकांना दुरावला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि पुढे पंथातल्या काही महंतांनीही पोथ्या अभ्यासकांना दाखवल्या.