चौकातला आवाज आणि नगराचा कारभार



शाळा मी अर्ध्यावर सोडली. जे शिकलो ते कामगार संघटनेत शिकलो. त्या शिदोरीवर आज एका दूरच्या नगराचा अलीकडचा इतिहास आपल्यापुढे ठेवतो. ते नगर म्हणजे स्पेनची राजधानी माद्रिद.

१५ मे २०११ रोजी तेथील हजारो तरुण रस्त्यावर उतरले आणि पुएर्ता देल सोल या चौकात त्यांनी मुक्काम ठोकला. त्या वर्षी स्पेनमध्ये काम शोधणाऱ्या, पंचविशीच्या आतील तरुणांपैकी ४० टक्क्यांहून अधिक बेकार होते. हाक गेली ती पक्षाच्या कचेरीतून नव्हे, तर संगणक आणि मोबाइलवरून. चार वर्षांनी, २०१५ साली, या चळवळीच्या बळावर उभ्या राहिलेल्या आघाडीच्या मान्युएला कार्मेना महापौर झाल्या. तरुणपणी त्यांनी कामगारांची वकिली केली होती. त्याच सप्टेंबरात महापालिकेने ‘देसिदे माद्रिद’, म्हणजे ‘माद्रिद ठरवते’, हे संकेतस्थळ उघडले.

नियम साधा होता. निवडणुकीच्या मताला वय अठरा लागते. येथे सोळा पुरे. सूचना कोणीही मांडावी आणि सोळा वर्षांवरील रहिवाशांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे २७ हजार लोक पाठीशी उभे राहिले, की ती साऱ्या नगराच्या मतास टाकावी. सूचना आल्या हजारो. परंतु फेब्रुवारी २०१७ च्या मतदानापर्यंत हा उंबरठा ओलांडला तो अवघ्या दोन सूचनांनी.

असे का व्हावे? शंभर कामगारांनी शंभर निरनिराळे अर्ज दिले, तर साहेब ते फायलीत घालतो. तीच शंभर माणसे एका मागणीपत्रावर सह्या करतात, तेव्हा तो चर्चेला बोलावतो. माद्रिदच्या यंत्राने अर्ज करणे सोपे केले. एकत्र येणे सोपे केले नाही.

त्या दोहोंतील एक सूचना होती, सर्व वाहनांना मिळून एकच तिकीट असावे. लोकांनी ती मोठ्या बहुमताने उचलून धरली. पण भाडे ठरवणे एकट्या पालिकेच्या हाती नव्हते. ते प्रादेशिक वाहतूक मंडळाकडे होते. उलट, त्याच मतदानात नागरिकांनी प्लाझा दे एस्पान्या या चौकाचा आराखडा निवडला. २०१९ साली कार्मेनांची सत्ता गेली, विरोधी पक्षाचे महापौर आले, तरी २०२१ मध्ये तो चौक नव्या रूपात खुला झाला. ज्या मतामागे अधिकार आणि पैसा उभा राहिला, ते सत्तापालटानंतरही टिकले.

हे आपल्यालाही लागू आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना घेण्याची प्रथा पडली. दारे आहेत, आत जाणारे थोडे.

मध्यंतरी माझ्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार मी मोबाइलवरून केली. ‘निकाली’ असा निरोप आला. गटार मात्र वाहतच होते. मग शेजारची दहा पोरे तोच निरोप दाखवीत प्रभाग कचेरीत गेली. चौथ्या दिवशी गटार साफ झाले.

म्हणून तरुण मित्रांनो, बटण जरूर दाबा. पण दाबण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: माझ्याबरोबर कोण आहे, अधिकार कोणाचा आहे आणि पैसा कोठून येणार आहे?