बी देणाऱ्याचा शिलालेख नसतो



आज ताडामाडांविषयी बोलायचं आहे आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. निवृत्तीनंतर मला बागेचा नाद लागला. एका पावसाळ्यात मोखाड्याकडच्या पाड्यावर गेलो असताना बांधाला ताडाचं कोवळं रोप दिसलं. मालकाला विचारलं, कुदळीनं उकरलं, ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. पंधरा दिवसांत ते वाळून गेलं. पुढच्या खेपेला त्या घरच्या आजोबांना हे सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "सर, ताड उपटून नेत नसतात. बी न्यायची नि जिथं झाड हवं तिथंच पुरायची."

त्यांचं म्हणणं वनस्पतिशास्त्राला धरून आहे. ताडाची बी रुजते तेव्हा आधी एक जाड देठ जमिनीत खोल उतरतो. अंकुर त्याच्या टोकाशी असतो. वर एखादं पान दिसतं तोवर खाली बराच पसारा झालेला असतो. कुदळ लागली की तो तुटतो. म्हणून ताडाचं दान रोपाचं नसतं, बियांचंच असतं.

आणि एका बीनं भागत नाही. ताडात नर वेगळा, मादी वेगळी. ताडगोळे मादीलाच लागतात, पण त्यासाठी जवळपास नर असावा लागतो. कोणता कोण, हे पहिला फुलोरा येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला 12 ते 15 वर्षं तरी जातात. एका फळात बहुधा तीन बिया असतात. नर-मादी निम्मे-निम्मे निपजतात असं धरलं, तर तीन बियांतून जोडी जमण्याची शक्यता चारात तीन. म्हणजे एकट्याच्या परसात हे जमेलच असं नाही. शेजाऱ्याच्या बांधावरही ताड हवा. वाटून घेणं ही इथं नुसती भलाई नाही, ती झाडाचीच गरज आहे.

मग हे देणं-घेणं इतिहासात कुठं सापडतं? नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 क्रमांकाच्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्यानं डहाणूच्या नदीवर फुकट नावेची सोय केल्याचं लिहिलंय. सोपारा आणि इतर ठिकाणच्या चरक परिव्राजकांना त्यानं नारळीची 32,000 झाडं दिली, तेही लिहिलंय. डहाणू आणि सोपारा ही दोन्ही ठिकाणं आजच्या पालघर जिल्ह्यात येतात. मोजणीचा शब्द आहे 'मूल', म्हणजे बुंधा. उभी झाडं मोजली, दान दिली, दगडावर कोरली. पण त्या 32,000 झाडांचे नारळ मुळात कोणी कोणाला दिले, कोणी लावले, याबद्दल तो लेख गप्प आहे.

पुढे सतराशे-अठराशे वर्षांनी सरकारनं पुन्हा झाडं मोजली, ती करासाठी. 1878च्या मुंबई अबकारी कायद्यानं ताडी काढायला परवाना आला, झाडामागे कर आला. तेव्हा मोखाडा ठाणे जिल्ह्यात शहापूरचा पेटा होता. शेजारचं जव्हार मात्र मुकणे घराण्याचं संस्थान, 1948 साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत. कागदावर दोन राज्यं, पण डोंगर एकच. त्या डोंगरातला भेरली माड घ्या. त्याची फळं आपल्या तोंडाला खाजतात, पण उदमांजर ती आवडीनं खातं आणि बिया दूर नेऊन टाकतं. त्या उदमांजराला संस्थानची हद्द कोण दाखवणार?

सांगायचा मुद्दा असा. दात्यानं झाड मोजलं ते पुण्यासाठी, सरकारनं मोजलं ते वसुलीसाठी. दोघांनीही उभं झाडच पाहिलं. मूठभर बी देणाऱ्याची नोंद कुणी केली नाही, कारण त्या घडीला मोजण्याजोगं काहीच नव्हतं. देणाऱ्यालाही फळाची खात्री नव्हती. पुष्कळदा ते खायला तो असणारही नव्हता. वारली चित्रात ताडावर चढलेला माणूस आपण कौतुकानं पाहतो. ते झाड लावणारा हात चित्रात दिसत नाही.

आज आपण बागवेडी मंडळी कुंडीतले शोभेचे पाम एकमेकांना हौसेनं देतो. द्यावेत. पण आपल्याकडचा ताड विसरू नका. उन्हाळ्यात खाल्लेला प्रत्येक ताडगोळा म्हणजे कोवळेपणीच संपलेली एक बी असते. झाडावर थोडी फळं पिकू द्यायला मालकाला सांगा, हवं तर त्यांचे पैसे द्या. पडलेल्या फळातल्या तिन्ही बिया घ्या. एक स्वतः लावा, दोन शेजारी द्या. सोबत एका चिठ्ठीवर गाव, आईझाडाची जागा आणि तारीख लिहा. शिलालेख नको, चिठ्ठी पुरे.

त्या आजोबांनी मला दिलेल्या तीन बियांपैकी दोन रुजल्यात. मी सत्तरी ओलांडलीय, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. तिसरी शेजारच्या मुलीला दिली होती, तिचीही रुजली. तिला मात्र कळेल, कोणता नर आणि कोणती मादी.