चौकातलं चांदणं

"चांदणी चौकात जाऊन येतो," असं म्हटल्यावर शेजारच्या अण्णांनी विचारलं, "कोथरूडच्या बसने जाणार का?" पुणेकराच्या जगात चांदणी चौक एकच. २०२२ साली तिथला जुना पूल सुरुंग लावून पाडला, तो बघायला अर्धं पुणं रात्री एक वाजेपर्यंत जागं होतं. स्फोटानंतरही पूल थोडासा उभा राहिलाच. शेवटी पुण्याचा पूल!

"दिल्लीच्या चांदणी चौकात जातोय," मी म्हटलं.

"हो, तिथेही एक आहे म्हणतात," अण्णा उदारपणे म्हणाले.

तिथला जरा जुना आहे. शाहजहानने १६३९ मध्ये यमुनेकाठी नवी राजधानी बांधायला घेतली. बापाने किल्ला उभा केला आणि लेकीने, जहाँआराने, १६५० च्या सुमारास बाजार आखला. वास्तू पुरुषाने उभारावी आणि बाजाराचं बाईने बघावं, ही वाटणी आमच्या घरीही आहे. फक्त आमच्या वास्तूचे हप्ते अजून फिटायचे आहेत. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सरळ रस्ता, सव्वा किलोमीटरच्या आसपास. मधून कालवा वाहायचा, दुतर्फा झाडं आणि दुकानं, आणि वाटेत एका ऐसपैस चौकात तलाव. रात्री चंद्र त्यात उतरायचा, म्हणून तो चांदणी चौक. नाव मूळचं त्या एका चौकाचं, पुढे सगळ्या रस्त्यालाच चिकटलं.

मला तो चौक बघायचा होता. एका साडीवाल्याला विचारलं, "चौक कुठे आहे हो?" तो म्हणाला, "बाबूजी, पूरा यही है!" आणि त्याने तीन साड्या उलगडल्या. हिने दोन घेतल्या. इतिहासाचा अभ्यास असा महागात पडतो.

चौकाची हकिगत पुढे कळली. १८५७ नंतर इंग्रजांनी जहाँआराची सराई पाडली, तिथे टाउन हॉल बांधला आणि तलावाच्या जागी घड्याळाचा मनोरा उभा केला. जिथे लोक चंद्र बघत, तिथे किती वाजले ते बघू लागले. १९५१ साली तो मनोराही कोसळला, माणसं दगावली. आता घड्याळ नाही, पण लोक त्या जागेला 'घंटाघर'च म्हणतात. दिल्लीत वस्तू जातात, नावं राहतात.

तिथून किल्ल्याकडे चालत निघालो. सोनेरी मशीद लागली. १७३९ साली नादिरशहा हिच्यात येऊन बसला आणि त्याने कत्तलीचा हुकूम दिला. शेजारी सीसगंज गुरुद्वारा. गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला ती ही जागा, साल १६७५. पुढे गौरीशंकराचं देऊळ. ते आपा गंगाधर नावाच्या मराठ्याने १७६१ मध्ये बांधलं असं सांगतात. पानिपताचंच साल! पलीकडे जैनांचं लाल मंदिर आणि त्यांचं पक्ष्यांचं इस्पितळ. शाकाहारी पाखरांना तिथे खाट मिळते. घारी-ससाण्यांनी औषध घेऊन घरी जायचं.

दरीब्याच्या कोपऱ्यावर जिलबी खायला थांबलो. पाक बोटांवरून मनगटापर्यंत आला होता, आणि तेवढ्यात दारा शुकोह आठवला. जहाँआराचा धाकटा भाऊ. औरंगजेबाने १६५९ मध्ये त्याला मळक्या कपड्यांत, मरतुकड्या हत्तीवर बसवून याच रस्त्याने फिरवलं. दुतर्फा लोक रडत होते, पण पुढे कुणी झालं नाही. थोड्याच दिवसांत त्याचं डोकं उडवलं. बहीण तेव्हा आग्ऱ्याला, कैदेतल्या बापाजवळ. भावाची धिंड नीट दिसावी इतका रुंद आणि सरळ रस्ता आपणच आखला, हे तिच्या मनात आलं असेल का? उरलेली जिलबी हिने संपवली.

२०२१ मध्ये या रस्त्याचं नूतनीकरण झालं. दिवसा मोटारींना बंदी केली, लाल दगड बसवले, बसायला बाकं ठेवली. मी मुद्दाम रात्रीपर्यंत थांबलो. एका बाकावर बसून वर बघितलं. दिवे होते, पाट्या होत्या. चंद्रही असावा, उतरायला मात्र त्याला पाणी नव्हतं.

पुण्याला परतल्यावर अण्णांनी विचारलं, "काय, दिसलं का चांदणं?"

"नाही हो."

"दिसायचं नाही," अण्णा म्हणाले. "आम्ही तर पूलसुद्धा पाडून बघितला!"